हळू चालणारीची बांधी

वनरक्षक भरतीच्या धावण्यात मी शेवटून दुसरी आले. शेवटची जी होती तिला मधेच उलटी झाली म्हणून ती थांबली होती, नाहीतर तीही माझ्या पुढं गेली असती. चंद्रपूरच्या त्या मैदानाबाहेर निंबाच्या सावलीत माझी माय डबा घेऊन बसली होती. मी लंगडत आले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "झालं का वो?"

"झालं."

"मंग जेव आता. भाजी अजून गरम हाये."

कितवा नंबर आला हे तिनं विचारलं नाही. माझ्या परीक्षांच्या सहा वर्षांत विचारून विचारून थकली असावी, किंवा माझी चाल पाहूनच तिला कळलं असावं. आम्ही जेवलो आणि बसमध्ये बसलो. मूल गाव मागं पडलं, जंगल लागलं, माय खिडकीला डोकं टेकून झोपली. मी मात्र पुढच्या जाहिरातीचा विचार करत होते. त्या काळात मला दुसरा विचारच येत नसे.

आमचं गाव सिंदेवाहीपासून आत, जंगलाच्या कडेला आहे. बाबांच्या चार बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. माय तालुक्याजवळच्या धानाच्या सरकारी फार्मवर रोजीनं जायची. तिथं नवनवीन वाणांचं बियाणं तयार होतं आणि बायांना वर्षातले बरेच महिने काम असतं. माझ्या आजोबांची सगळी उमर दुसऱ्यांच्या बांधीत वाकून गेली. बाबा दहावीपर्यंत पोचले आणि घरातल्या अडचणीनं थांबले. म्हणून माझं शिक्षण ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. गावातल्या विहाराला लागून अभ्यासिका बांधायचं ठरलं तेव्हा बाबांनी स्वतः डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. मी तिथं अभ्यासाला बसले की शेतातून येताना ते खिडकीतून एकदा डोकावून जायचे. मी बसलेली दिसले की त्यांचं समाधान व्हायचं.

अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमचं ध्येय काय?' त्याखाली आम्ही मुलामुलींनी आपापले कागद चिकटवले होते. माझ्या कागदावर तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक अशी तिन्ही नावं होती. जे लागेल ते, असा त्याचा अर्थ.

माझ्या बाजूला माझी जोडीदारीण बसायची. आम्ही बालवाडीपासून सोबत. तिचं डोकं असं की एकदा कानावर पडलं की ते तिथं चिकटलंच. कोणती नदी कुठून निघाली, कोणतं कलम कशाबद्दल, ती स्वयंपाक करता करता सांगायची. सराव पेपर सुटला की ती माझा तपासायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "तू जेवढे सोडवतेस तेवढे सारे बरोबर असतात. पण सोडवतेस किती?"

शंभरात तीस तरी राहून जायचे. मी एकेक प्रश्न तीनतीनदा वाचायचे. चारी पर्याय नीट न्याहाळल्याशिवाय माझा हात पुढं सरकतच नसे. शाळेत गुरुजी मला 'आमची बैलगाडी' म्हणायचे. घरी तांदूळ निवडायला बसले की मायची दोन सुपं होईतो माझं एक व्हायचं नाही. मी हळू आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं. मलाही ते कबूल होतं, आणि तोच माझा रोग आहे, तो बरा केला की सगळं जमेल, असं मी धरून चालले होते. अभ्यासाचं वेळापत्रकही त्यावरच बेतलेलं. ज्यात कच्ची त्याला जास्त तास. सकाळी धावणं, मग गणित, मग घड्याळ लावून पेपर.

धावण्यात नापास झाल्यावर महिनाभरानं माय धुऱ्यावरून घसरली. घोटा सुजून टम्म झाला. फार्मवर तेव्हा धान निसवायची वेळ होती, म्हणजे लोंब्या बाहेर पडायची, आणि नेमक्या त्या दिवसांत बायांची गरज जास्त असते. आठ दिवस घरी बसलं तर जागी दुसरी बाई लागेल ही मायला भीती.

"तू जाय माया बदल्यात," ती म्हणाली. "पुस्तक कुठी पळून नाई जात."

मी गेले. काम होतं भेसळ काढायचं. बियाण्याच्या प्लॉटमध्ये एकाच वाणाचं धान लागतं. त्यात दुसऱ्या वाणाचं झाड उगवलं तर ते मुळासकट उपटून बाहेर न्यायचं, त्यालाच भेसळ काढणं म्हणतात. बारा बाया एका ओळीत उभ्या राहायच्या आणि गुडघाभर धानातून सावकाश पुढं सरकायच्या. काही झाडं तर आंधळ्यालाही दिसावीत इतकी उंच असतात. पण काही अगदी बाकीच्यांसारखीच असतात. पान जरासं पसरट, खोडाच्या बुडाशी थोडी जांभळी झाक, किंवा लोंबी दोन दिवस मागं.

पहिल्या दिवशी मुकादमीणबाईनं मला खूण समजावून सांगितली आणि आम्ही निघालो. थोड्या वेळात बाकीच्या अकराजणी पुढच्या धुऱ्यावर पोचून पदरानं घाम पुसत होत्या आणि मी अजून प्लॉटच्या मध्येच होते.

"काय करून राह्यली वो?" मुकादमीण ओरडली. "धान मोजून राह्यली का?"

मी हातातली झाडं वर करून दाखवली. माझ्या एकटीच्या पट्ट्यात चौदा निघाली होती. ती हसली आणि म्हणाली, "चांगलं तं उपटून नाई ना आनलं?"

मलाही तीच धास्ती होती. पण ते काम करताना मला एक गोष्ट जाणवत होती जी यापूर्वी कधी जाणवली नव्हती. मला शोधावं लागत नव्हतं. मी नुसती चालायचे, आणि त्या एकसारख्या हिरव्यात कुठंतरी नजर आपोआप अडायची, जशी चालताना साडी काट्याला अडते. थांबून पाहिलं की तिथं परकं झाड असायचंच. दुपार कधी झाली ते मला कळलं नाही. अभ्यासिकेत तर दर दहा मिनिटांनी मी घड्याळ पाहायचे.

तिसऱ्या दिवशी मुकादमीणबाईनं फार्मच्या मॅडमकडं तक्रार केली. मॅडम पन्नाशीच्या, डोक्यावर टोपी, पायात गमबूट, वर्ध्याकडच्या. आवाज कधी चढवत नसत. मुकादमीण म्हणाली, "मॅडम, ही पोरगी रांगेत चालत नाई. हिच्यापायी साऱ्याजनी थांबतात."

मॅडम माझ्या पट्ट्यातून चालून आल्या. मग माझ्या शेजारच्या पट्ट्यातून, मग त्याच्या पलीकडच्या. परत आल्या तेव्हा हातात पाच झाडं होती. माझ्या पट्ट्यातलं एकही नव्हतं. मी आधी उपटलेला ढीग त्यांनी धुऱ्यावर बसून एकेक करून पाहिला. एकही चांगलं झाड त्यात निघालं नाही.

"उद्यापासून रांगेत चालू नकोस," त्या म्हणाल्या. "सगळ्याजणी पुढं जाऊ देत. तू मागून ये. तुझ्या वेळानं."

माझ्या हळूपणाला कुणी जागा करून दिली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मायच्या बदलीचे आठ दिवस संपत आले तेव्हा एका दुपारी शेडमध्ये चहा पिताना मॅडमनी विचारलं, "तू पुढं काय करणार?"

मी भिंतीवरच्या कागदावरची तिन्ही नावं सांगितली.

"त्या परीक्षांना काय लागतं?"

"स्पीड," मी म्हटलं. "पाठांतर. आणि वनरक्षकाला धावणं."

"आणि तुझ्याकडं काय आहे?"

माझ्यात काय नाही याची यादी मला तोंडपाठ होती. गणित, चालू घडामोडी, वेग, दम. पण काय आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी कपातल्या चहाकडं पाहत बसले. मॅडमनीही लावून धरलं नाही. उठताना त्या म्हणाल्या, "कच्च्या विषयाला जास्त तास देतेस ना? पक्क्याला किती देतेस ते एकदा पाहा."

त्या एका वाक्यानं मी बदलले असं सांगता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. तसं झालं नाही. मी परत अभ्यासिकेत जाऊन बसले आणि तलाठ्याचा पेपरही दिला. अठ्ठावीस प्रश्न राहिले. निकाल लागला त्यात माझी जोडीदारीण होती, मी नव्हते. गावानं तिला हार घातला, विहारासमोर पेढे वाटले. मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. ती पास होणार हे मला माहीत होतं. मासा पाण्यात शिरावा तशी ती पेपरमध्ये शिरायची. घरी येताना माझ्या मनात एवढंच होतं की हिला त्या खुर्चीत जसं वाटतं तसं मला कुठं वाटतं? आणि डोळ्यांसमोर ते गुडघाभर धान आलं.

दुसऱ्या दिवशी मी फार्मवर जाऊन मॅडमना विचारलं, "आमच्या बांधीत बियाणं करता येईल का?"

त्यांनी सगळं समजावलं. फार्मचं मूळ बी घ्यायचं, नोंदणी करायची, शेत तपासायला माणूस येतो, कापणीनंतर नमुना तपासणीला जातो. पास झालं तर ते बियाणं, नाहीतर ते साधं धान. मी वहीत सगळं टिपून घेतलं. मग पान उलटून लिहिलं, 'एक बांधी. एकही परकं झाड नाही.' सहा वर्षांत माझ्या कागदावर पहिल्यांदाच तीन नावांऐवजी एक गोष्ट होती, आणि ती मला डोळे मिटून दिसत होती.

बाबांना सांगणं सगळ्यात कठीण. ते धुरा नीट करत होते, हातात फावडं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की यापुढं मी परीक्षा देणार नाही.

बाबांनी मातीचं एक ढेकूळ नीट बसवलं. मग म्हणाले, "म्हंजे बांधीतच?"

"बांधीतच."

"माया बापाची कंबर बांधीत मोडली. म्या तुले बांधीतून बाहेर काढाले शिकवलं, पोरी."

"ती लोकांची बांधी होती, बाबा. ही आपली आहे. आणि मी शिकणं सोडत नाही. हेही शिकायचंच आहे."

बाबा दोन दिवस घरात बोलले नाहीत. माय म्हणाली, "त्याले राहू दे. तो पान्यासारका हाये, हळूहळू मुरते." तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता बाबा म्हणाले, "वरची बांधी घे. खालच्या तिन्हीत दुसऱ्याच्या बांधीतलं पानी उतरते, त्याच्यासंगं लोकांचं बी वाहून येते. वरचीत कोनाचंच पानी येत नाई."

हे मला सुचलं नसतं. फार्मवरच्या मॅडमनाही आमच्या पाण्याची वाट माहीत नव्हती. मी वहीत लिहून घेतलं. बाबांनी ते पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडलं.

त्या वर्षी त्या एका बांधीत मी जितकी रमले तितकी आधी कशातच रमले नव्हते. भेसळ दिसायला सकाळचं कोवळं ऊन हवं, सूर्य आपल्या पाठीशी हवा. पण आमच्याकडं सकाळी एकटीनं बांधीत जाता येत नाही, वाघाचा फेरा असतो. म्हणून माय सोबत यायची. धुऱ्यावर बसून मधूनमधून स्टीलची ताटली वाजवायची आणि जंगलाकडं तोंड करून मोठमोठ्यानं शेजारणींची गाऱ्हाणी सांगायची. वाघ आला असता तरी कंटाळून परत गेला असता. मी आतून एकेक ओळ पाहत जायचे. निसवताना दोनदा, दाणा भरताना एकदा, पिकल्यावर एकदा. शेवटच्या फेरीत एकही झाड निघालं नाही. शेत तपासायला आलेला माणूस धुऱ्यावरून धुऱ्यावर फिरला आणि म्हणाला, "कोणाकडून करून घेतलं हे?"

"माया पोरीनं केलं," बाबा म्हणाले. मी ते मागं उभी राहून ऐकलं.

मग नमुना तपासणीला गेला आणि नापास झाला.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी चुलीपाशी होते. दुसऱ्या वाणाचे दाणे निघाले, जाडे, लालसर. शेतात तर ते नव्हते. मग आले कुठून हे मला लगेच कळलं. मळणीच्या दिवशी भाड्याचं मशीन आलं होतं, शेजारच्या गावातून, कुणाचं तरी जाडं धान काढून. ड्रायव्हरनं ते झाडलं नव्हतं. मी ताडपत्रीच्या कडेला एक लाल दाणा पडलेला पाहिलाही होता. माझी नजर तिथं अडलीच होती. पण मशीन सुरू होतं, माणसं घाईत होती, ड्रायव्हर पुढच्या गावाला जायचं म्हणून ओरडत होता, आणि मला त्याला थांबवायचं धाडस झालं नाही.

मी तीन दिवस धड जेवले नाही. बाबा म्हणाले, "धान तं धानच हाये. खाता येते." त्या वर्षी आम्ही माझं नापास झालेलं बियाणं खाल्लं. चवीला चांगलं होतं.

पुढच्या हंगामाआधी मी परत वही काढली आणि जुन्या सवयीनं लिहायला बसले. 'लोकांशी बोलायला शिकणे. भीड घालवणे. मोठ्या आवाजात...' माय बाजूला लसूण सोलत होती. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड पाहून म्हणाली, "काय लिहून राह्यली एवढं, रडकं तोंड करून?"

मी वाचून दाखवलं. ती इतकी हसली की लसणाच्या पाकळ्या सांडल्या.

"तू कायले शिकते वो बोलाले? तुया जनम जाईल त्याच्यात. मी आहो ना!"

ती म्हणाली ते खरंच होतं. माझ्या मायच्या आवाजाला फार्मवरची मुकादमीणसुद्धा वचकून असायची. आयुष्यभर आम्ही बापलेक तिला म्हणत आलो, जरा हळू बोल, लोक ऐकतात. आणि मला नेमकं तेच हवं होतं. मी ते पान फाडलं. नव्या पानावर लिहिलं, 'मळणी – माय.'

त्या वर्षीच्या मळणीला माय पदर खोचून मशीनसमोर उभी राहिली.

"भाऊ, बंद करा मशीन."

"काऊन बाई? आता तं आनली."

"पोटातले दाने काढा अगोदर."

"रिकामी हाये, बाई. काई नाई तिच्यात."

"रिकामी हाये तं झाडून दाखवा. मी इथीच बसली."

आणि ती खरंच मशीनसमोर ताडपत्रीवर मांडी घालून बसली. ड्रायव्हर बाबांकडं पाहू लागला. बाबा आभाळाकडं पाहू लागले. शेवटी त्यानं झाकण उघडून आतून झाडलं, तर ओंजळभर जाडे दाणे खाली आले. मायनं ते पदरात घेतले, सगळ्यांना दाखवले आणि म्हणाली, "हे तुमच्या कोंबड्याले न्या." मग स्वतः हात घालून आणखी दोनदा झाडायला लावलं. ड्रायव्हर चिडला, पण जाताना तिच्या हातचा चहा पिऊन गेला. आता तो कुणाच्याही बियाण्याच्या शेतात जातो तेव्हा आधीच झाडून जातो, कारण त्या बाईला कुणी बोलावून आणेल ही त्याला धास्ती.

त्या वर्षी बियाणं पास झालं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी आत टाकून मी पहिलं पोतं शिवलं, तेव्हा बाबा उगाचच पोत्यावरून हात फिरवत राहिले. नंतर एकदा ते अभ्यासिकेत गेले आणि तिथल्या मुलांना म्हणाले, "पेपरातलं जमलं तं चांगलंच. नाई जमलं तं पाहा, आपलं जमते कुठी." हे मला त्या मुलांनीच येऊन सांगितलं. मला ते स्वतः कधीच काही म्हणाले नाहीत.

आता आम्ही गावातल्या सातजणी मिळून बियाणं करतो. सगळ्यांना भेसळ दिसत नाही, आणि मी ती दाखवून दाखवून कुणाला हैराण करत नाही. एकीची रोवणी इतकी सरळ की ओळीतून चालायला वाट आपोआप होते. एकीला कुणाच्या बांधीत गेल्या तीन वर्षांत काय होतं ते बिनचूक आठवतं, म्हणून कोणती बांधी घ्यायची ते ती ठरवते. जोडीदारीण तलाठी होऊन वडश्याकडं गेली आहे. सुटीत आली की कागदपत्रं ती पाहते, मला ते वाचायला दुपार लागते आणि तिला दहा मिनिटं. मी मात्र सगळ्यांच्या शेवटी, मागून चालते. दर वर्षी रोवणीआधी वहीत एकच ओळ लिहिते, आणि ती लिहिताना आधी पाहते की आपल्याकडं काय आहे. गणित अजूनही कच्चंच आहे.

चार हंगामांपूर्वी खालच्या बांधीत, जी बियाण्याची नाही, तिथं मला एक झाड दिसलं. उंच, लोंबी लांब आणि दाण्याच्या टोकाला काळा ठिपका. हात सवयीनं उपटायला गेला. पण ही बांधी घरच्या खाण्याची होती, म्हणून ठेवलं, आणि दाणे भरल्यावर लोंबी बाबांना नेऊन दाखवली. बाबांनी ती उजेडात धरली. कितीतरी वेळ धरली.

"हे तं माया लहानपनचं धान दिसते," ते म्हणाले. "माही माय शिजवे तं गल्लीत वास जाये. कुठून आलं हे?"

त्यांच्या आवाजात असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी त्या वर्षीच्या पानावर लिहिलं, 'बाबांचं धान.' एका लोंबीचे दाणे पुढच्या वर्षी एका ओळीत लावले. त्या ओळीचे त्याच्या पुढच्या वर्षी कोपऱ्यातल्या तुकड्यात. दर वर्षी त्यातलं वेगळं दिसणारं काढत गेले. घाई नव्हती, आणि मला घाई करताही येत नाही. तिसऱ्या वर्षी बियाण्यापुरतं ठेवून दोन पायल्या धान खायला उरलं. मायनं ते कांडून आणलं आणि शिजवलं. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून जेवायला बसले.

पहिला घास त्यांनी नुसता घेतला, वरण न लावता. डोळे मिटून चावत राहिले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो.

"हे ते नाई," ते म्हणाले.

मी मायकडं पाहिलं. माय माझ्याकडं.

"ते वासाचं होतं. याले वास नाई." त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. "पन वाईट नाई. मऊ हाये. दात नाई त्याले चांगलं." मग ताट पुढं केलं, "वाढ अजून."

मला वाईट वाटेल असं मायला वाटलं होतं. पण मला हसू येत होतं, आणि बाबांनाही. तीन वर्षं मी एक लोंबी सांभाळत आले आणि ती भलत्याच वाणाची निघाली. तरी ती तीन वर्षं मला परत कुणी दिली तर मी तशीच घालवीन.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, त्या धानाची एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आहे. कोपऱ्यात पाणी साचलं तरी ते आडवं पडलं नव्हतं. यंदा त्यांनी ते बोडीखालच्या, म्हणजे छोट्या तळ्याखालच्या बांधीत लावलं आहे, जिथं दर वर्षी अर्धं पीक पाण्यात लोळतं. अजून तरी ताठ उभं आहे. लोंब्या बाहेर पडायला लागल्या आहेत, म्हणून उद्या मी एक फेरी मारणार. माय म्हणते, सातला निघू, बांधीत पोचेतो ऊनही वर येईल आणि वाघाला शेजारणीची नवी गोष्टही सांगून होईल.